‘अकॉर्डिंग टू मी’वर एवढा राग कशाला?

अर्धविराम: काल कुणीतरी फर्मान काढलंय, ‘अकॉर्डिंग टू मी’ म्हणणाऱ्याचं पुढचं वाक्य मी ऐकतच नाही. नका ऐकू! चूक आहे, मान्य. ‘अकॉर्डिंग टू’ने दुसऱ्याचा हवाला देतात, डॉक्टरांचा, वेळापत्रकाचा. पण चूक येते कुठून? ‘डॉक्टरांच्या मते’ आणि ‘माझ्या मते’, आपल्याला दोन्हीकडे ‘मते’च. तिकडे माझं मत आलं की ‘इन माय ओपिनियन’. पहिल्या मुलाखतीत मला मध्येच तोडून विचारलं, "अकॉर्डिंग टू हूम?" मी निरागसपणे म्हणाले, "टू मी." सगळे हसले. मुद्दा काय होता ते कुणी विचारलंच नाही. नोकरी हुकली.

तिरपागडा: वाईट वाटलं, पण म्हणून चुकीला पाठीशी घालायचं? ‘फ्रॉम माय ओपिनियन’, ‘ॲज पर मी’, सगळी त्याच घरातली भावंडं. ‘फ्रॉम’ हवंच तर पुढे ‘पॉइंट ऑफ व्ह्यू’ लावा. नुसत्या ‘व्ह्यू’ला ‘इन’, ‘माइंड’ला ‘टू’. पाच मिनिटांचं पाठांतर. ‘डिस्कस अबाउट’वाल्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

कानामात्रा: ‘इन’ जड जायचं कारणच नाही. ‘मते’ ही सप्तमीच की.

अर्धविराम: सप्तमी?? त, ई, आ. यात ‘ए’ दिसतोय कुठे? ने, ए, शी, तृतीया. पूर्वी ‘मतें’ असं अनुस्वार देऊन लिहायचे.

कानामात्रा: तक्ता घोकला म्हणजे व्याकरण आलं असं नाही, बाई. अर्थ बघा. माझ्या मतात, म्हणून माझ्या मते.

तिरपागडा: अर्थावरच जायचं तर ‘घरी गेलो’मधल्या ‘घरी’चं काय करणार? जायचं ठिकाण आहे, तरी रूप सप्तमीचंच. विभक्ती रूपावरून ठरते. शाळेत झोपला होतात का?

कानामात्रा: झोपलो नव्हतो, बाकावर उभा होतो. विभक्तीपायीच. बरं, तृतीया. तुमच्या मते. झालं समाधान?

पाहुणी: विषय इंग्रजीचा होता ना? मला आज ईमेल पाठवायचाय. प्रस्तावावर मत मागताना ‘ओपिनियन ऑन’ की ‘अबाउट’?

अर्धविराम: दोन्ही चालतं. ‘ऑफ’ वापरलंस तर तो चांगला की वाईट, हे विचारल्यासारखं होतं. ‘हाय ओपिनियन ऑफ’मधलं ‘ऑफ’.

तिरपागडा: आणि सहमती कळवताना माणसाला ‘ॲग्री विथ’, प्रस्तावाला ‘ॲग्री टू’.

कानामात्रा: इथे कुणाशी ‘विथ’ जमणार नाही. प्रस्ताव असेल तर कळवा.