मदत हवी आहे: कुळागरातील कामासाठी स्वस्त मिटणारा चाकू घ्यायचा तर काय पाहून घ्यावा?

सर्वांना नमस्कार.

गोव्यातील सत्तरी तालुक्यात आमचे लहानसे कुळागर (पोफळीची मिश्र बाग) आहे. माड, पोफळी, मिरवेली, केळी आणि बांधावरचे दोन फणस एवढाच पसारा असला, तरी चाकूसाठी खिशात हात दिवसातून वीस वेळा जातो. मिरवेल बांधायला केळीचे सोपट कापणे, ठिबकची नळी छाटणे, खताच्या पोत्याची शिवण उसवणे, सुंब तोडणे अशी ही कामे आहेत. कमरेला कोयता असतोच, पण बारीक कामाला तो जड पडतो.

गेल्या दोन वर्षांत मी तीन स्वस्त मिटणारे चाकू वापरले. पहिला आठवड्याच्या बाजारात १५० रुपयांना घेतला होता. त्याचे पाते महिन्याभरातच डावीकडे-उजवीकडे हलू लागले. दुसरा ४०० रुपयांचा, ऑनलाइन मागवलेला. त्याची धार चांगली होती, पण त्याच्याच बाबतीत घडलेल्या प्रसंगामुळे मी हा धागा काढत आहे. तिसरा अजून वापरात आहे, मात्र त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही.

दुसऱ्या चाकूचा खटका पत्र्याचा होता. पाते पूर्ण उघडले की मुठीच्या आतला पातळ पत्रा सरकून पात्याच्या बुडाखाली येतो आणि पात्याला मागे मिटू देत नाही, अशी ती रचना असते. जुलै महिन्यात युरियाच्या पोत्याची शिवण कापताना पाते दोऱ्यात अडकले. ते सोडवण्यासाठी मी उलट्या बाजूने ओढले, आणि पात्याच्या पाठीवर जोर येताच खटका सुटून पाते माझ्या तर्जनीवर मिटले. चार टाके पडले. नंतर उन्हात धरून पाहिले, तेव्हा तो पत्रा बुडाच्या अगदी कोपऱ्यावर, नखाच्या कडेएवढाच टेकत असल्याचे दिसले. विकत घेतानाही तो तसाच असणार. मी फक्त धार पाहिली होती. माझा सतरा वर्षांचा पुतण्या सुट्टीत माझ्याबरोबर काम करतो आणि हाच चाकू मागून घेतो, त्यामुळे ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

दुसरी अडचण गंजाची आहे. पात्यावर ‘स्टेनलेस’ असे कोरलेले असूनही पावसाळ्यात बिजागरीच्या स्क्रूभोवती आणि खटक्याच्या पत्र्यावर तांबूस ठिपके पडतात. फणस कापला की चीक बिजागरीत शिरतो आणि दुसऱ्या दिवशी पाते दोन्ही हातांनी ओढून उघडावे लागते.

माझी खर्चाची मर्यादा १,००० रुपयांची आहे. कुळागरात चाकू हरवतात, पाटात पडतात, त्यामुळे महागडी वस्तू खिशात बाळगणे मला पटत नाही. या किमतीत विश्वासाने वापरता येईल असा चाकू मिळतो का, आणि तो दुकानात हातात घेऊन कसा पारखावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पोलाद भारीतले असावे म्हणून ‘डी२’ पोलादाचा चाकू घेण्याचाही विचार मनात आहे.

प्रतिसाद

नमस्कार. बोट आता बरे असेल अशी आशा आहे. माझी नोकरी यंत्रशाळेत झाली आणि किनाऱ्याजवळ राहत असल्याने गंजाशी रोजचाच संबंध आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी पोलादाविषयी. डी२ घेऊ नका. पोलाद गंजापासून वाचते ते त्यातील क्रोमियममुळे, पण कार्बन जास्त असला की बरेचसे क्रोमियम त्या कार्बनशी बांधले जाते आणि पृष्ठभागाचे रक्षण करायला कमी उरते. डी२ मध्ये सुमारे दीड टक्का कार्बन आणि बारा टक्के क्रोमियम असते. त्याची धार पुष्कळ टिकते, पण सत्तरीच्या पावसात आणि खिशातल्या खारट घामात त्याच्यावर डाग पडतील. याउलट स्वस्त चाकूंत येणाऱ्या ३सीआर१३ या पोलादात कार्बन जेमतेम ०.३ टक्के आणि क्रोमियम तेरा टक्क्यांच्या आसपास असते. त्याची धार लवकर जाते, हे खरे. पण ते सहज गंजत नाही आणि निसण्यावर पाच मिनिटांत त्याला पुन्हा धार लागते. सोपट आणि सुंब कापणाऱ्याला हा सौदा वाईट नाही. मऊ पाते म्हणजे वाईट पाते, असेही समजू नये. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंची पाती कठीणपणा मोजणाऱ्या रॉकवेल मापावर ५६ च्या आसपासच असतात, आणि घरच्या घरी धार लावता यावी या दृष्टीने ते सोयीचेच आहे. स्वस्त मालात खरा धोका असतो तो पोलादाला पाणी नीट न पाजल्याचा, आणि पात्यावर कोरलेल्या अक्षरांवरून तो कळत नाही.

आता खटक्याविषयी, कारण आपला प्रसंग त्याचाच आहे. स्वस्त चाकूत पैसे वाचवले जातात ते बहुतेक वेळा पात्यात नव्हे, तर जुळणीत. दुकानात पाते सावकाश उघडा आणि पत्रा पूर्ण जाडीने बुडाखाली आला आहे का, ते उजेडात पाहा. मग बोटे पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पात्याची पाठ लाकडी फळीवर हळूहळू दाबा. पत्रा जरासाही सरकला तर चाकू परत द्या. पाते धरून आडवे हलवून पाहा. मिटल्यावर ते मुठीच्या मधोमध बसते की एका बाजूला घासते, हेही पाहा. मात्र खटका कितीही चांगला असला तरी अडकलेले पाते उलटे ओढून सोडवू नये. आपल्या पुतण्याला हे करून दाखवा, नुसते सांगू नका.

फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला पात्याच्या बुडाशी फिरवून बसवायची कडी असते. ती पत्र्यापेक्षा समजायला सोपी आणि भरवशाची आहे. परंतु त्याची लाकडी मूठ पावसात फुगते आणि पाते आवळून बसते, म्हणून जून ते सप्टेंबर तो घरातच बरा.

चीक पाण्याने जाणार नाही, तेलानेच सुटेल. फणस कापण्यापूर्वी हाताला लावता तसे खोबरेल पात्याला आणि बिजागरीला लावा, काम झाल्यावर चिंधीने पुसून घ्या, मग साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. शेवटी बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडा. फळे कापायचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन वापरा. खटका दाबून उघडणारे झटक्याचे चाकू मात्र घेऊ नका; कामाला त्यांचा काही उपयोग नाही आणि पोलिसांनी हटकले तर समजावत बसावे लागते.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. काल म्हापशाला गेलो होतो, तेव्हा एका दुकानात पाच चाकू फळीवर दाबून पाहिले. त्यांपैकी दोन चाकूंचे पत्रे माझ्या डोळ्यांदेखत सरकले, एकाचे पाते मिटताना मुठीला घासत होते. उरलेल्या दोनांपैकी ६५० रुपयांचा, स्क्रू आवळता येईल असा घेतला आहे. जुना चाकू कोणाच्या हाती लागू नये म्हणून त्याचे पाते काढून टाकले. नव्याची बिजागरी पावसाळ्यानंतर कशी राहते, ते ऑक्टोबरमध्ये इथेच कळवीन.