चट्ट्यांवर चिनी तुंबडी? ताई, जरा थांबा

खपली: शांघायहून एका ताईंनी लिहिलंय, सोरायसिससाठी चार वेळा ‘बाग्वान’, म्हणजे चिनी तुंबडी, केलं, पाठीवर जांभळे गोल उठले, ‘विष बाहेर आलं’, सगळ्यांनी करून बघा. अहो, विष कसलं! काचेच्या पेल्यात पेटता बोळा फिरवून काढतात, आतली हवा निवली की कातडी वर ओढली जाते, बारीक रक्तवाहिन्या फुटतात. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू फेल्प्सच्या खांद्यावर तेच गोल होते. त्याला काय सोरायसिस होता? उलट या रोगात कातडी दुखावली की तिथेच नवा चट्टा उठतो, कोब्नर म्हणतात त्याला. मला घड्याळाच्या पट्ट्याखाली उठलाय.

शांघायची ताई: मी चार महिन्यांनी रात्रभर सलग झोपले. ते खोटं का?

खपली: मलम चालू होतं?

शांघायची ताई: होतं. मग?

वैद्यांचा नातू: चीनला जायचंच कशाला? शिंग, भोपळा, जळू लावून रक्त ओढायचं, सगळं सुश्रुताने सांगून ठेवलंय. आजोबा इसबावर जळवा लावायचे. चिन्यांनी आपलंच उचललं.

तिरकस: आले सुश्रुत! चीनमधल्या मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर लिहिलेली पोथी सापडलीय, थडगं इसवीसनपूर्व १६८चं. मूळव्याधीला शिंग लावा, दोन माप तांदूळ शिजेपर्यंत ठेवा, असं आहे तिच्यात. ते कुठून उचललं?

वैद्यांचा नातू: मूळव्याध कुठे, त्वचा कुठे! आपल्या माणसाला आपलं काही चांगलं म्हणवतच नाही.

तिरकस: आजोबांना मध्ये आणलं कुणी? बरं, भात शिजेपर्यंत जळू लावा, दोन्ही देश खूश.

वुहान रिटर्न: तिथे एमबीबीएसला होते. दिव्याच्या खांबावर चिकटवलेल्या फुकट्या जाहिरातींना तिकडे सोरायसिसच म्हणतात. खरवडल्या तरी परत उगवतात.

शांघायची ताई: हसा. शिंगाने गळू ओढायचं लिहिणाऱ्या जुन्या चिनी वैद्य गे हाँगच्याच पोथीवरून चिनी शास्त्रज्ञ थू यौयौंना २०१५चं नोबेल मिळालं.

खपली: मलेरियाच्या औषधाला मिळालं! झाडपाल्यातून नेमका रेणू वेगळा काढला त्यांनी. पेल्याचा काय संबंध? पाठ मोकळी होते एवढं मान्य. आमचा मालिशवालाही करतो, तोही बोळा न पेटवता.

शांघायची ताई: मला कुणी जाळलं नाही. एकदाच काय तो फोड आला.

खपली: कुठे? आता काय आहे तिथे?

शांघायची ताई: पाठीवर. छोटासा चट्टा आहे. थंडीने असेल.

वैद्यांचा नातू: जळू लावली असती तर फोड आलाच नसता.