तीन अँगस्ट्रॉमची रचना म्हणजे कल्पनाचित्र? काहीही!

मांडवीकाठ: क्रिस्टलवर एक्स-रे मारून प्रथिनांची रचना काढतो आपण, आणि काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "दोन अँगस्ट्रॉमपेक्षा वाईट रिझोल्यूशनची रचना म्हणजे कल्पनाचित्र, पीडीबीतून (प्रथिनरचनांच्या जागतिक संग्रहातून) काढून टाका." राहवलं नाही. अहो, रिझोल्यूशन म्हणजे किती बारीक दिसतं ते (आकडा लहान तितकं चांगलं), आणि तो अख्ख्या डेटाचा आकडा, एकेका अणूचा नव्हे. १.८ च्या नकाशातही (म्हणजे डेटावरून काढलेल्या इलेक्ट्रॉन-घनतेच्या चित्रातही) पृष्ठभागावरचा साखळीचा एखादा लूप गायब असतो आणि ३ च्या नकाशातही हेलिक्स (साखळीचं मळसूत्र) कुठून कुठे जाते, ट्रिप्टोफॅनसारखं मोठं अमिनो आम्ल कुठे बसलंय हे कळतं. साखळीची घडी बघायची तर ३ पुरे. हायड्रोजन बंधांची लांबी मोजायला बसलात तर चूक तुमची.

रापणकार: ते मीच लिहिलं, आणि मागे घेणार नाही. ३ वर पाण्याचे रेणू पेरणारे पाहिलेत मी. लिगंड (प्रथिनाला चिकटलेला छोटा रेणू) दिसेना म्हणून नकाशा ०.६ सिग्मावर, म्हणजे दाखवायचा उंबरठा पार गोंगाटात, उतरवणारेही. तेवढं खाली गेलात तर चतुर्थीला गणपतीवर टांगतात ती माटोळीसुद्धा दिसेल!

काजूबी: मग ओमिट नकाशा मागा ना. लिगंड काढून मॉडेल डेटाशी जुळवत रिफाइन करायचं आणि एफओ-एफसीत (मोजलेल्यातून मॉडेलचं वजा केलेल्या नकाशात) ३ सिग्माला हिरवं, म्हणजे मॉडेलमध्ये नसलेलं, काही उरतं का ते कूट या प्रोग्रॅममध्ये बघायचं. फेज (एक्स-रे लहरींची कला, जी थेट मोजता येत नाही) मॉडेलमधूनच घेतल्यावर नकाशा मॉडेलचीच री ओढणार. आणि आर-फ्रीच्या (बाजूला ठेवलेल्या डेटाशी मॉडेल किती जुळतं त्या आकड्याच्या) भरवशावर राहू नका, एक लिगंड चुकला तर तो ढिम्म हलत नाही.

फोंडेकर: तुमचं सिग्मा-पुराण चालू द्या. आमचे क्रिस्टल आधी टिकू देत. पावसाळा लागला की लाईट जाते, क्रिस्टल वाढवायचे ट्रे घामेजतात, आणि जनरेटर कुणासाठी? ऑफिसच्या एसीसाठी.

भरतीओहोटी: अगदी! मी चार डिग्रीचे ट्रे मासळीवाल्याच्या बर्फावर थर्माकोलच्या पेटीत रात्रभर सांभाळलेत. साहेब म्हणाले, पेटीचा वास येतो.

काजूबी: धागा वीज खात्याकडे वळवलात.

फोंडेकर: वळवला नाही, विषय तोच आहे. क्रिस्टल खराब म्हणून डेटा ३ चा. इंदूरला इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रेच्या यंत्रावर) नेला म्हणून मेलेला क्रिस्टल जिवंत होत नाही.

रापणकार: लाईट गेली म्हणून सिग्मा उतरवायची मुभा मिळत नाही.

फोंडेकर: मी कधी उतरवला रे? तोंड सांभाळून बोल.

रापणकार: बरं, तुम्ही नाही. पण एमएसबीए (जिवाणूच्या पेशीपटलातलं प्रथिन) विसरलात? ४.५ अँगस्ट्रॉम. घरच्या प्रोग्रॅममध्ये एक चिन्ह उलटं पडलं, रचनेचा हात फिरला, म्हणजे उजव्याचं डावं झालं, आणि नकाशाने हूं की चूं केलं नाही. २००६ मध्ये पाच शोधनिबंध मागे घ्यावे लागले.

मांडवीकाठ: वा, उदाहरण छान काढलंत! आता ती चूक कशामुळे उघडी पडली तेही सांगा. त्याच्याच कुळातल्या सॅव्ह१८६६ ची रचना आली म्हणून. रिझोल्यूशन? ३ अँगस्ट्रॉम.

रापणकार: ठीक आहे, ३ ची ठेवा. साडेतीनच्या पुढची काढा. आणि ३ वरची पाणी तरी उपसा.

काजूबी: पाण्यावर माझी सही.

फोंडेकर: ते असू दे. चार डिग्रीच्या फ्रीजला इन्व्हर्टर केवढा लागतो, कुणी लावलाय का?