बुद्धिबळातील डावपेच सुधारण्यासाठी सराव कसा आखावा?

बोरिवलीकर:
चाळिशीत पुन्हा बुद्धिबळाकडे वळलो आहे. चर्चगेटला जाता-येता लोकलमध्ये मोबाइलवर रोज तीस-चाळीस कोडी सोडवतो आणि तिथले गुणांकन वाढतेही आहे. मात्र रविवारच्या स्पर्धेत समोरच्याचा हत्ती बिनजोर (कुणाचा आधार नसलेला) उभा असला तरी माझ्या ध्यानात येत नाही. रोज एक तास देऊ शकतो. तीन महिन्यांचा आराखडा कृपया सुचवावा.

अडीच घर:
कोडे समोर येते तेव्हा इथे काहीतरी दडले आहे हे आपल्याला आधीच ठाऊक असते. डावात तसे कोणी सांगत नाही, आणि आपली अडचण नेमकी इथेच असावी. म्हणून संख्या कमी करा. सोप्या ते मध्यम पातळीची दोनशे कोडी निवडा. लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर ती फोर्क (एका मोहऱ्याने एकाच वेळी दोघांवर हल्ला), पिन (मागच्या मोठ्या मोहऱ्यामुळे पुढचे अडकणे) अशा विषयांनुसार विनामूल्य मिळतात, पण पहिला महिना संपला की विषय मिसळा, कारण शीर्षकात ‘पिन’ वाचल्यावर अर्धे उत्तर हाती आलेलेच असते. तीच दोनशे कोडी पहिल्यांदा चार आठवड्यांत, मग दोन आणि शेवटी एका आठवड्यात सोडवा. पूर्ण चाल-मालिका मनात बांधल्याशिवाय मोहऱ्याला हात लावू नका. उदाहरणार्थ, किल्लेकोट केलेल्या (हत्तीशी जागा बदलून कोपऱ्याकडे गेलेल्या) काळ्या राजासमोर एच७ या घरावर उंटाचा बळी देऊन घोडा जी५ वर आणणे सर्वांना पाठ असते, परंतु राजा जी८ ऐवजी जी६ वर आला तर पुढे काय, हे पाहिलेले नसेल तर तो बळी निव्वळ जुगार ठरतो.

जुना गडी:
वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण तासातली वीस मिनिटे स्वतःच्या हरलेल्या डावांना द्यावीत असे मला वाटते. संगणकाला विचारण्याआधी चूक स्वतः शोधा आणि ती स्थिती वहीत उतरवा. महिन्याभरात आपण घोड्याच्या उड्या चुकवता की शेवटच्या पट्टीवरची मात, ते कळेल. शिवाय प्रत्येक चालीआधी दोन्ही बाजूंचे शह, मारामारी आणि बिनजोर मोहरे पाहण्याची सवय लावा. सुरुवातीला घड्याळ फार खाते, त्यामुळे वेगवान डाव काही काळ बंद ठेवावेत.

बोरिवलीकर:
दोघांचेही आभार. संध्याकाळच्या गर्दीत उभ्याने चाळीस मिनिटे एकाग्र होणे अवघड आहे. तेव्हा काय करावे?

अडीच घर:
गाडीत फक्त आधी सोडवलेल्या कोड्यांची उजळणी करा. नवीन कोडी घरी, पटावर मोहरे मांडून.