रिसॉर्टवरून डे टूर नको, वायादोलिदला दोन रात्री राहा

तुम्ही म्हणताय मेक्सिकोत पाच दिवस कॅन्कुनच्या रिसॉर्टवर आणि त्यातच एक दिवस चिचेन इत्झाची (इथल्या मूळ रहिवासी माया लोकांच्या प्राचीन शहराचे अवशेष) बस टूर, तर माझं ऐका, त्यातल्या दोन रात्री काढून चिचेन इत्झाजवळच्या वायादोलिद गावात राहा. कॅन्कुनहून चिचेन इत्झा २०० किमी, बसेस पोचतात तेव्हा ऊन आणि गर्दी दोन्ही डोक्यावर, वायादोलिदहून मात्र पाऊण तासात सकाळी ८ ला गेटवर उभे राहता येतं. आणि हो, वायादोलिद आणि चिचेन इत्झा ज्या राज्यात आहेत त्या युकातानचं घड्याळ कॅन्कुनच्या एक तास मागे आहे, तेवढं लक्षात ठेवा.

पण मला खरं वेड लावलं ते वायादोलिदजवळच्याच एक बालाम या प्राचीन माया शहराने (यातला 'एक' म्हणजे आपला आकडा नव्हे, माया भाषेत त्याचा अर्थ काळा, म्हणजे काळा जग्वार). तिथे राजाच्या समाधीचं दार म्हणजे राक्षसाचा उघडा जबडा, दात आणि बाजूच्या पंख असलेल्या मूर्ती सगळं चुन्याच्या गिलाव्यात, हजारेक वर्षांपूर्वीचं, बघताना शब्दच सुचत नाहीत.

या भागात जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच, सगळा चुनखडीचा दगड, पाणी खाली मुरतं, म्हणून सेनोते (दगड खचून उघडी पडलेली जमिनीखालच्या पाण्याची कुंडं) म्हणजे नुसता स्विमिंग स्पॉट नाही, माया लोकांचं पिण्याचं पाणी आणि देवस्थान दोन्ही तेच होतं. वायादोलिदमध्ये तर भर गावात एक आहे, साकी.

आणि माया 'लुप्त' झाले असं कृपया म्हणू नका, बाजारात आज्या आपसात मायातच बोलतात. नॉनव्हेज खात असाल तर कोचिनिता पिबिल खाच, केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात शिजवलेलं पोर्क, सकाळीच जा, दुपारपर्यंत संपतं.