मदत हवी आहे : घरच्या एनर्जी मॉनिटरचं रीडिंग अन् मीटरचं जुळत नाही

नमस्कार मंडळी. गाव आर्वी तालुक्यात, जिल्हा वर्धा. घरी दोन कूलर, फ्रिज, टुल्लू पंप आणि इन्व्हर्टर. उन्हाळ्याचं बिल पाहून डोकं गरगरलं, म्हणून मेन वायरला चिमट्यासारखा बसणारा मॉनिटर आणला. वायरमनभाऊंनी आधी फेज आणि न्यूट्रल दोन्ही वायरी चिमट्यात धरल्या, रीडिंग शून्य! आई म्हणे, "मंग बिलही झिरो येईन का रे?" एकट्या फेजवर लावल्यावर आकडे आले.

आता खरी अडचण. काल रात्री सगळं बंद केलं, फक्त इन्व्हर्टर चालू ठेवला. मॉनिटर 140 वॅट दाखवतो. आमच्या मीटरवर 3200 इम्पल्स (लाल दिव्याची लुकलुक) म्हणजे एक युनिट असं छापलंय, म्हणून टॉर्च घेऊन लाल दिवा मोजत बसलो (डास फुकट). दहा मिनिटांत 32 वेळा लुकलुकला. म्हणजे 0.01 युनिट, हिशेबाने 60 वॅट. मग 140 कुठून?

हा मॉनिटर फक्त करंट मोजतो, व्होल्टेज 230 धरूनच चालतो. आमच्याकडे संध्याकाळी 180 वर येतं. पण रात्री तर व्होल्टेज ठीक होतं, म्हणून मला पॉवर फॅक्टरचा (व्होल्टेज गुणिले करंट यातला खरा वापर किती, तो वाटा) संशय आहे. व्होल्टेजही मोजणारा घेतला तर फरक मिटेल का? कुणी कूलर-पंपावर वापरलाय? आणि बॅटरी फुल असताना इन्व्हर्टरने 60 वॅट खाणं बरोबर आहे का, की बॅटरीच गेली समजायची?