‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ शिकवताना ‘माणूस मुळात वाईट का?’ हा प्रश्न फळ्यावर लिहू नये

खडूफळा :

नववी-दहावीच्या वर्गात विल्यम गोल्डिंगची ही १९५४ची कादंबरी घेतली की चर्चेचे गाडे हमखास एकाच जागी रुतते. गोष्ट थोडक्यात अशी : युद्धकाळात विमान कोसळून इंग्रज शाळकरी मुलगे निर्जन बेटावर अडकतात. राल्फला पुढारी निवडतात, जॅक शिकाऱ्यांची टोळी घेऊन फुटतो, आणि शेवटापर्यंत सायमन व पिगी या दोघांना मुलांनीच मारलेले असते. मग फळ्यावर प्रश्न येतो, माणूस मुळात चांगला की वाईट? त्याची लगेच वादविवाद स्पर्धा होते. एक बाजू हिटलर आणते, दुसरी मदर तेरेसा. पुण्यातल्या मुलांना वक्तृत्वाची सवय असतेच, त्यामुळे तास रंगतो. पुस्तक मात्र मिटलेले राहते, कारण या प्रश्नाचे उत्तर द्यायला ते वाचावे लागत नाही.

माझे मत : ही कादंबरी सभा कशी मोडते याची आहे, आणि ती सभेसभेने शिकवावी.

पहिल्या प्रकरणातली निवडणूक घ्या. जॅकचा दावा काय, तर मी गायकवृंदाचा प्रमुख, हेड बॉय, आणि मला अमुक एक उंच स्वर गाता येतो. राल्फचे भांडवल काय, तर अंगकाठी, देखणेपण आणि हातातला शंख (पुढे हा शंख ज्याच्या हाती, त्यालाच सभेत बोलायचा हक्क). काम कोण कसे करील हे कुणीच विचारत नाही. गायकवृंद जॅकसाठी हात वर करतो, पण मरगळून, हुकूम पाळल्यासारखा. बाकीचे सगळे राल्फसाठी हात वर करतात. पिगीचा हात सर्वांत शेवटी आणि नाइलाजाने. हे वाक्य वर्गात दोनदा वाचून घ्यावे. बेटावरचा सर्वांत शहाणा मुलगा का रेंगाळला, एवढ्या एका प्रश्नावर पंधरा मिनिटे सहज जातात.

निवडून आल्याबरोबर राल्फ काय करतो? हरलेल्या जॅकला खूश करण्यासाठी गायकवृंद त्याच्याच ताब्यात देऊन टाकतो, आणि जॅक त्यांना शिकारी करतो. म्हणजे हत्यार धरणारी एकमेव संघटित तुकडी पहिल्याच दिवशी प्रतिस्पर्ध्याकडे. पुढच्या अकरा प्रकरणांचे बी इथे आहे, आणि त्याला ‘मनुष्यस्वभाव’ म्हणायची गरज नाही.

दुसरे, हजेरीपट नाही. नावे लिहून घ्यायचे काम पिगीवर पडते, लहान मुले सैरावैरा पळतात, यादी होत नाही. दुसऱ्या प्रकरणात जहाजांना खूण म्हणून डोंगरावर पेटवलेली आग पसरते आणि चेहऱ्यावर डाग असलेला लहान मुलगा पुन्हा दिसत नाही. किती जण होते हेच माहीत नसल्याने किती गेले तेही कुणाला सांगता येत नाही.

तिसरे, पाचव्या प्रकरणातली सभा. ती भरते उशिरा, अंधार पडताना. राल्फची विषयपत्रिका खरे तर चोख आहे : नारळाच्या करवंट्यांत पाणी, झोपड्या, शौचाची जागा, आग. पहिली झोपडी सगळ्यांनी बांधली, दुसरी चौघांनी, तिसरी फक्त राल्फ आणि सायमनने, हा हिशेबही तो तिथेच मांडतो. इथे सभा संपवायची. तो मात्र बेटावरच्या श्वापदाच्या भीतीचा विषय काढतो, तोही काळोखात, आणि शेवटी भुते आहेत की नाहीत यावर हात वर करून मतदान घेतो! वस्तुस्थितीवर मतदान घेतले की काय होते, यासाठी नागरिकशास्त्राच्या पुस्तकात इतके चांगले उदाहरण मिळणार नाही.

चाळीस मिनिटांचे सहा तास पुरतात. प्रत्येक तासाला एकच सभा आणि एकच काम : त्या सभेचे इतिवृत्त मुलांनी दहा ओळींत लिहायचे. रकाने चार : कोण बोलले, काय ठरले, कोणी करायचे, झाले का. चौथा रकाना जवळजवळ रिकामा राहतो. चर्चा त्या रिकाम्या रकान्यावर घ्यावी.

निळीशाई :

इतिवृत्ताची कल्पना सुबक आहे आणि नेमकी म्हणूनच धोक्याची. तुमच्या वाचनात ही कादंबरी एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या बिघडलेल्या वार्षिक सभेइतकी होते. नियम नीट असते, यादी झाली असती, विषयपत्रिका पाळली असती, तर सायमन वाचला असता? मग जॅकच्या टोळीतल्या रॉजरचे काय करता?

चौथ्या प्रकरणात रॉजर समुद्रकाठी खेळणाऱ्या हेन्रीच्या आसपास दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवून. आईवडील, शाळा, पोलीस, कायदा यांचे अदृश्य कुंपण अजून त्याचा हात धरून आहे. अकराव्या प्रकरणात तोच रॉजर कड्यावरून धोंडा लोटतो; पिगी मरतो, शंखाचे तुकडे होतात. मधल्या सहा प्रकरणांत त्या हाताचे काय झाले, हे कोणत्याच इतिवृत्तात येत नाही.

शिवाय मतदान तर एकदा नीट झालेले आहे. आठव्या प्रकरणात जॅक भर सभेत विचारतो की राल्फ पुढारी नको असे कुणाला वाटते. एकही हात वर होत नाही. अविश्वास ठराव सपशेल पडला! जॅक रडवेला होऊन निघून जातो आणि नंतर मोठी मुले एकेक करून गुपचूप त्याच्याकडे सरकतात. प्रक्रिया जिंकली, माणसे गेली. का गेली? मांस, खेळ, रंगवलेले तोंड, भीतीपासून आडोसा. म्हणजे स्वभावच आला ना परत?

मी वर्गासाठी नववे प्रकरण निवडीन, त्यातलेही सायमनच्या मृत्यूचे एकच पान. त्याची छायाप्रत वाटावी आणि पेन्सिलने दोनच कामे द्यावीत. सायमनसाठी निवेदक काय काय शब्द वापरतो ते अधोरेखित करा. मारणाऱ्यांसाठी कोणते वापरतो त्यांना गोल करा. गुडघ्यावर पडलेल्या मुलाला निवेदकच ‘श्वापद’ म्हणतो. मारणाऱ्यांत कुणाचेच नाव उरत नाही, राहतो तो एक घोळका, आणि शेवटी दात आणि पंजे. बारा-तेरा मिनिटांत वर्ग गप्प होतो. मग विचारावे की मारणाऱ्यांच्या त्या रिंगणात राल्फ आणि पिगी होते का. होते. बहुतेक मुलांच्या वाचनातून हे निसटलेले असते.

पेठकर :

दोघांचेही उत्तम, पण परीक्षा? अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या कुठल्याही गाइडात तक्ता असतो : शंख म्हणजे लोकशाही, चष्मा म्हणजे विज्ञान, आग म्हणजे आशा. गुण त्याला मिळतात. तो तक्ता आधी वीस मिनिटांत उरकावा आणि मगच तुमची इतिवृत्ते काढावीत. मुले वेडी नाहीत. गुण कुठे आहेत ते त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते.

अनुस्वार :

पेठकर, तक्ता द्या, पण शेवटी द्या. आधी दिला की मुले वस्तू वाचायच्या सोडून अर्थ शोधत बसतात. चष्म्याचेच बघा. बेटावर मुले आग पेटवतात ती पिगीच्या चष्म्याने. पिगीला लांबचे दिसत नाही, म्हणजे निकटदृष्टिता, म्हणजे अंतर्गोल भिंग. दहावीच्या विज्ञानात हे शिकलेल्या मुलीला लगेच कळते की अंतर्गोल भिंग किरण फाकवते. त्याने पाचोळा पेटणार नाही, त्याला बहिर्गोल भिंग हवे. गोल्डिंगची ही चूक प्रसिद्ध आहे. ‘चष्मा म्हणजे विज्ञान’ घोकलेला वर्ग त्या चष्म्यातले विज्ञान तपासतच नाही, ही त्या तक्त्याची खरी किंमत.

आता ज्याबद्दल कुणीच बोलले नाही ते. या कादंबरीचा तास वर्गातल्या एखाद्या मुलाला वर्षभर महागात पडू शकतो. पिगी पहिल्या प्रकरणात विनवतो की काहीही म्हणा, फक्त जुन्या शाळेतल्या त्या नावाने हाक मारू नका. राल्फ ते नाव सगळ्यांसमोर फोडतो, आणि त्याचे खरे नाव पुस्तक संपेपर्यंत कुणी विचारत नाही. अंगाने जाड, चष्मा लावणारा, दम्याचा पंप बाळगणारा मुलगा प्रत्येक तुकडीत असतो. प्रकट वाचनात पिगीचे संवाद त्याच्या वाट्याला आले की मधल्या सुट्टीपर्यंत नाव चिकटलेले असते. म्हणून संवाद एका पात्राला एक मूल असे वाटू नयेत. दर दोन पानांनी वाचणारी मुले बदलावीत आणि पात्रे बसण्याच्या क्रमाने द्यावीत, तोंड बघून नव्हे.

शंख फिरवून चर्चा घेण्याचा प्रयोगही बहुतेक वेळा फसतो. पन्नास मुले, चाळीस मिनिटे. वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही आणि शंख तिसऱ्या बाकावरच्या तीन बोलक्या मुलांतच घुटमळतो. सहा-सहाचे गट करावेत, प्रत्येक गटात एक डस्टर शंख म्हणून द्यावा आणि दोन मिनिटांनी तो डावीकडे जावा. मधेच शिक्षकांनी एका गटाला सांगावे की खिडकीकडच्या रांगेत हा नियम लागू नाही. दुसऱ्या प्रकरणात जॅक हेच करतो : डोंगरावर शंख चालत नाही, गप्प बस. खिडकीजवळचे लगेच एकमेकांचे बोलणे तोडू लागतात. प्रयोग दहा मिनिटांत थांबवावा. लांबला की चिडवाचिडवी सुरू होते.

तिसरा बाक :

खडूफळा आणि निळीशाई दोघेही एक गोष्ट गृहीत धरतात, की बेटावर असेच घडते. ही कल्पित गोष्ट आहे, पुरावा नव्हे! १९६५ साली प्रशांत महासागरातल्या टोंगा या द्वीपदेशातले सहा शाळकरी मुलगे खरेच बोटीने भरकटून आटा नावाच्या निर्जन बेटावर अडकले. १९६६च्या सप्टेंबरमध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन खलाशाने त्यांना सोडवले. जवळजवळ पंधरा महिने त्यांनी आग विझू दिली नाही, जोड्या करून कामांच्या पाळ्या लावल्या, भांडण झाले की दोघांनी दोन दिशांना जाऊन शांत होऊन यायचे असे ठरवले. एकाचा पाय मोडला तो बाकीच्यांनी बांधला आणि त्याची कामे वाटून घेतली. ही हकिगत सांगितल्याशिवाय कादंबरी शिकवणे म्हणजे एकतर्फी निकाल.

निळीशाई :

सांगा, जरूर सांगा, पण शेवटच्या तासाला. ते सहा जण एकाच शाळेतले, एकमेकांना ओळखणारे, बरेचसे तेरा ते सोळा वर्षांचे. गोल्डिंगच्या बेटावर राल्फ बारा वर्षांचा, धाकटे सहाच्या आसपासचे, बहुतेक एकमेकांना अनोळखी, आणि त्यांत आधीपासून गणवेशातली एक तुकडी. सहा मित्रांना पुढारी लागतोच असे नाही.

खडूफळा :

टोंगाचे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांच्या स्वभावात देव होता म्हणून आग टिकली नाही, पाळ्या होत्या म्हणून टिकली. राल्फच्या आगीवर लक्ष ठेवायला जुळी मुले होती. जॅकने त्यांनाही शिकारीला नेले आणि त्याच वेळी जहाज समोरून निघून गेले. पर्यायी माणूस नेमलेला नव्हता.

आणि पुरावाच हवा असेल तर मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफचा १९५४चा, म्हणजे कादंबरीच्याच वर्षीचा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमातला प्रयोग सांगा. अकरा-बारा वर्षांचे बावीस मुलगे, दोन गट, स्पर्धा आणि बक्षिसे. थोड्याच दिवसांत झेंडे जाळले गेले. पाणी बंद पडले, ट्रक अडकला, अशी सामायिक कामे लावल्यावर तेच गट निवळले. पण आदल्या वर्षीचा त्यांचाच प्रयोग मोडला, कारण मुले आधी मित्र झाली होती आणि मोठी माणसे आपल्याला भडकवताहेत हे त्यांनी ओळखले. मुले तशीच, रचना वेगळी.

निळीशाईंच्या रॉजरला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. पण दहाव्या प्रकरणात जॅक आपल्याच टोळीतल्या विल्फ्रेडला बांधून मारतो, कारण कुणालाच ठाऊक नाही, आणि हे ऐकून रॉजरला बेजबाबदार सत्तेत काय काय करता येईल ते उमगते. दगड चुकवणारा हात आणि धोंडा लोटणारा हात यांच्यामध्ये ही माहिती आहे.

निळीशाई :

माहिती मिळाली म्हणून हात उचलला, हे पटते. उचलायचा होता म्हणून ती माहिती त्याला गोड लागली, हे तुम्ही वगळता. त्याच टोळीतल्या बाकीच्यांनाही विल्फ्रेडची गोष्ट कळलीच. धोंडा एकट्या रॉजरने लोटला.

तुमच्या सहा तासांपैकी चार तुम्ही घ्या. नववे आणि दहावे प्रकरण मात्र जोडतासाला, मधे सुट्टी न ठेवता व्हावे. दहाव्याच्या सुरुवातीला पिगी म्हणतो की सायमनचा मृत्यू हा अपघात होता, जुळे म्हणतात की आम्ही लवकर निघालो होतो, आणि एकटा राल्फ खून हा शब्द उच्चारतो. मधे डबा खाऊन आलेला वर्ग पिगीची बाजू लगेच घेतो. सलग वाचलेल्या वर्गाला ती घ्यायला जड जाते.